घट्ट म्हणजे किती?

शिरवळ सोडून खंबाटकी घाटाकडे निघालं की रस्त्याच्या कडेला एक गॅरेज लागतं. पत्र्याची शेड, तेल पिऊन काळी पडलेली जमीन, आणि त्या जमिनीवर लाकडी ठोकळ्यांवर बूड टेकून उभा असलेला एखादा तरी ट्रक. मी पंक्चर काढायला थांबलो होतो. तेवढ्यात दहा चाकांचा एक ट्रक आत आला. ड्रायव्हर खाली उतरला आणि मिस्त्रींना म्हणाला, “हौसिंग वरडतंय.”

“वढताना वरडतंय, का सोडल्यावर?”

“दोन्ही टायमाला. साठच्या म्होरं तर लईच.”

“काम कवा केलतं?”

“दोन म्हयनं झालं. क्राउन-पिनियन नवा, बेअरिंगं नवी. नट तर पाच फुटी पाइप लावून आवळला, माझ्या डोळ्यादेखत.”

मिस्त्री हसले. “नट आवळला ते बेस केलं. आत काय आवळलं गेलं, ते कुणी बघितलं का?”

पंक्चर निघालं तरी मी तिथून हललो नाही. पुढचा दीड दिवस त्या शेडमध्ये येऊन-जाऊन होतो. या प्रकरणात जे लिहिलं आहे, त्यातलं बरंचसं त्या एका प्रश्नाचं उत्तर आहे.

आधी हौसिंग म्हणजे काय ते पाहू. ट्रकच्या मागे चाललेल्या दुचाकीस्वाराला दोन मागच्या चाकांच्या मधोमध एक मोठा लोखंडी गोल डबा दिसतो. तो डबा म्हणजे खरं तर नुसतं वेष्टन. आतल्या यंत्राचं नाव डिफरन्शियल. पण ‘दोन चहा द्या’ म्हणताना आपण कपांचं नाव घेत नाही, आणि गॅरेजमध्ये नेमकं उलट चालतं: कपाचंच नाव चहाला. डबा, डब्यातले गिअर, त्यातलं ऑइल, सगळ्याचं मिळून नाव हौसिंग.

या डब्याची गरज वळणावर पडते. ट्रकच्या मागच्या डाव्या-उजव्या चाकांत साधारण १.८ मीटर अंतर धरू. ट्रक काटकोनात वळला, तर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा सुमारे २.८ मीटर जास्त पळावं लागतं. गंमत अशी की वळण गल्लीतलं असो की हमरस्त्यावरचं ऐसपैस, हा फरक तेवढाच राहतो. दोन वर्तुळांच्या त्रिज्यांमधला फरक बदलत नाही, म्हणून त्यांच्या परिघांमधलाही बदलत नाही. दोन्ही चाकं एकाच दांड्याला पक्की जखडली, तर हे २.८ मीटर कुठून तरी भरून काढावे लागतील. मग टायर रस्त्यावर फरफटतील, नाहीतर दांडा पिळवटून तुटेल.

बैलगाडीला हा प्रश्न कधी पडला नाही. तिचा आख स्थिर असतो आणि दोन्ही चाकं त्याच्यावर आपापली मोकळी फिरतात. गाडी ओढणारे बैल पुढे असतात. चाकांनी फक्त गडगडायचं. चाकांनीच गाडी ओढायची असं ठरलं, तेव्हा पंचाईत झाली: दोन्हींना जोर द्यायचा, पण दोन्हींना सारखं पळायला लावायचं नाही. ओनेसिफोर पेकर नावाच्या फ्रेंच माणसाने वाफेवर चालणाऱ्या रस्त्यावरच्या गाडीसाठी याची युक्ती काढली आणि १८२८ मध्ये तिचं पेटंट घेतलं. पेकर मूळचा घड्याळजी. दातेरी चक्रांशी ज्याची बोटं रोज खेळतात त्यालाच हे सुचावं, यात नवल नाही.

युक्ती पाहायची असेल तर गॅरेजमध्ये जॅक लावलेला ट्रक गाठा. गिअर टाकलेला आणि दोन्ही मागची चाकं हवेत. एक चाक हाताने पुढे फिरवा. दुसरं आपोआप मागे फिरेल. आत चार छोटे गिअर एका चौफुलीवर बसवलेले असतात, त्यांना स्टार म्हणतात. ते दोन्ही बाजूंच्या एक्सलच्या गिअरमध्ये अडकलेले असतात. सरळ रस्त्यावर स्टार स्वतःभोवती फिरतच नाहीत, सगळा गठ्ठा एकसंध फिरतो. वळणावर ते हलके गरगरतात आणि एका चाकाकडून जेवढे फेरे काढून घेतात तेवढेच दुसऱ्याला देतात. दोन्ही चाकांच्या वेगांची सरासरी कायम राहते. याच उदारपणापायी आषाढात एक चाक चिखलात गेलं की ते भिंगरीसारखं फिरतं आणि कोरड्या जमिनीवरचं दुसरं गप्प उभं राहतं.

स्टार क्वचितच त्रास देतात. आपल्या ट्रकचं दुखणं त्यांच्या अलीकडे होतं, क्राउन आणि पिनियनमध्ये.

इंजिनकडून येणारा लांब शाफ्ट गाडीच्या लांबीत फिरतो, चाकं त्याला काटकोनात फिरतात. ही दिशा बदलायचं काम पिनियन आणि क्राउन करतात. पिनियन म्हणजे एका टोकाला दात असलेला जाडजूड दांडा; आपल्याकडे त्याला टेल पिनियनही म्हणतात. क्राउन म्हणजे परातीएवढी दातेरी कडी. पिनियनला ६ दात आणि क्राउनला ४१, अशी जोडी घेऊ. पिनियनचे ६.८३ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. ट्रक ताशी ६० किलोमीटरने जात असेल, तर पिनियन मिनिटाला दोन हजारांवर फेरे घेतो.

४१ हा आकडाही उगाच नाही. ४२ दात ठेवले असते, तर ६ ने ४२ ला नेमका भाग जातो आणि पिनियनचा प्रत्येक दात आयुष्यभर क्राउनच्या त्याच सात दातांना भेटत राहिला असता. एखाद्या दाताला जरा खोड असेल तर तिची शिक्षा त्या सातांनाच. ४१ ठेवले की प्रत्येक दात प्रत्येकाला भेटतो, झीज सगळ्यांत वाटली जाते.

आता जोराचा हिशेब. इंजिनाने ४०० न्यूटन-मीटरचा पीळ दिला, पहिल्या गिअरमध्ये तो सहापट झाला, तर पिनियनपर्यंत २,४०० येतात आणि क्राउन त्याचे १६,४०० करून चाकांकडे पाठवतो. हे सगळं एका वेळी जेमतेम दोन-तीन दातांच्या अंगावरून जातं. घाटात भरलेला ट्रक पहिल्या गिअरमध्ये रांगत असतो, तेव्हा त्या डब्यात हे चाललेलं असतं.

दात सरळ नसतात, तलवारीसारखे वाकडे असतात, म्हणजे एक दात सुटायच्या आत दुसरा पकडतो आणि आवाज कमी होतो. कलते गिअर कापायचं यंत्र अमेरिकेतल्या रॉचेस्टर गावच्या विल्यम ग्लीसनने १८७४ मध्ये केलं. पुढे या धंद्यात त्याच्याच कंपनीचं नाव झालं. १९२० च्या दशकात पॅकार्ड कंपनीच्या मोटारींमध्ये पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या जरा खाली सरकवलेला होता, त्यामुळे शाफ्ट खाली आला आणि मोटारीची बैठकही खाली आली. या रचनेला हायपॉइड म्हणतात. ट्रकवाल्यांना तिचा दुसराच फायदा झाला: पिनियन जाड आणि दणकट करता आला. पण या रचनेत दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासत सरकतातही. साध्या तेलाचा थर तिथे टिकत नाही. म्हणून हौसिंगच्या ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घालतात. दाब वाढला की ती लोखंडावर स्वतःचा एक थर धरतात. नव्वद नंबरच्या ऑइलचा तो सडक्या अंड्याकडे झुकणारा वास त्या गंधकाचाच. हायपॉइड हौसिंगला डब्यावर जीएल-५ लिहिलेलं ऑइल लागतं. त्याच्या जागी गिअरबॉक्सचं हलकं ऑइल ओतणं म्हणजे महागड्या जोडीचा कणाकणाने भुगा करणं.

दात असे कलते-वाकडे असल्यामुळे क्राउन पिनियनला नुसतं फिरू देत नाही. तो त्याला मागे ढकलतो, बाजूला दाबतो, वर उचलू पाहतो. गाडी ओढत असताना एका दिशेला, गिअरवर उतरताना दुसऱ्या दिशेला. पिनियन केसभर हलला तरी दातांची गाठ चुकीच्या जागी पडते. केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो, आणि हौसिंगच्या कामात तेवढी चूक पुष्कळ होते.

पिनियनला जागेवर धरण्यासाठी त्याच्या दांड्यावर दोन निमुळती रोलर बेअरिंगं असतात. हे बेअरिंग हेन्री टिमकेन या घोडागाड्या बनवणाऱ्या माणसाचं. पेटंट १८९८ चं. आतला भाग कोन, बाहेरचा कप, मधे निमुळते रोलर. निमुळतेपणामुळे ते वरून येणारा भारही झेलतं आणि आडवा रेटाही, पण आडवा रेटा एकाच बाजूचा. म्हणून दोन लागतात, निमुळत्या बाजू एकमेकींकडे करून. दोघांचे कोन नटाने एकमेकांकडे आवळले की पिनियन दोन्हीकडून धरला जातो.

बाज विणून झाल्यावर पायथ्याची दोरी ओढून ताणतात, हे ज्याने पाहिलंय त्याला पुढचं समजावून सांगावं लागणार नाही. सैल बाजेवर बसलं की आधी ती झोळ घेते, मग माणसाला पेलते. ताणलेली बाज बसताक्षणी पेलते, कारण ताण बसायच्या आधीच दिलेला असतो. पिनियनच्या बेअरिंगना काम सुरू व्हायच्या आधीच असा दाब देऊन ठेवतात. त्याला प्रीलोड म्हणतात. मग घाटातला रेटा आला तरी पिनियन जागा सोडत नाही.

दाब कमी पडला तर पिनियन पुढे-मागे डुलतो, दात टोकावर भिडतात, हौसिंग ओरडतं आणि एक दिवस दात उडतो. दाब जास्त झाला तर रोलर आणि कप यांच्यामधला तेलाचा थर पिळून निघतो, बेअरिंग तापतं, तापून फुगतं, फुगल्यामुळे आणखी दाबलं जातं. मग पोलाद निळं पडतं, त्याच्या खपल्या निघतात, आणि खपल्या निघाल्या की कालचं अतिघट्ट बेअरिंग आज ढिलं होतं. म्हणून आतून दुखणं उलटं असलं तरी बाहेर आवाज तोच येतो.

संध्याकाळपर्यंत पोरांनी ट्रक मोकळा केला. तळाचा नट काढून ऑइल सोडलं. नटाला चुंबक असतं. त्याच्यावर लोखंडाचा चिकट करडा लेप नेहमीच असतो, त्याची कुणी काळजी करत नाही. इथे मात्र लेपात चकाकणारे बारीक तुकडे होते. मिस्त्रींनी एक तुकडा अंगठ्यावर घेऊन उन्हात धरला. “ह्यो बेअरिंगचा हाय, दाताचा न्हवं.” दाताचा तुकडा जाड आणि दाणेदार निघतो, बेअरिंगची खपली पातळ असते. एक्सल बाहेर ओढले, शाफ्ट सोडला, चेनकप्पी लावून आतला सगळा गोळा खाली उतरवला.

क्राउनला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या मोठ्या बेअरिंगच्या टोप्या सोडण्याआधी मिस्त्रींनी सेंटर पंचने डाव्या टोपीवर एक टिंब आणि उजवीवर दोन टिंबं मारली. या टोप्या जागेवर बसवूनच कारखान्यात त्यांची भोकं पाडलेली असतात. डावी-उजवी अदलाबदल झाली की गोलपणा गेला. मागच्या कामात कुणी टिंबं मारली नव्हती.

पिनियनचं मागचं बेअरिंग धुऊन हातात घेतलं तेव्हा सगळं उघड झालं. कोनवर निळसर-तपकिरी पट्टा. रोलरच्या जाड टोकांना ओरखडे. कपात एका बाजूला नखाएवढी खपली निघालेली. एका पोराने तेवढ्यात दुसरं बेअरिंग हवेच्या नळीने फिरवलं. ते विमानासारखं घोंघावलं आणि पोरगं खूश झालं. मिस्त्रींनी नळीच हिसकावून घेतली. कोरडं बेअरिंग हवेने फिरवलं की त्याचा वेग कुणाच्या हातात राहत नाही, आणि जाळी फुटली तर रोलर गोळीसारखे सुटतात. एवढं एक वाक्य गॅरेजमध्ये पाटी करून लावायला हवं.

आता पाइप आणि नटाकडे येऊ. दोन कोनांच्या मधे, दांड्यावर, पोलादाचा एक छल्ला असतो. नट आवळला की सगळा दाब कोन, छल्ला, कोन असा जातो. छल्ला दोन्ही कोनांना ठरावीक अंतरावर रोखून धरतो. त्यामुळे नट किती आवळला यावर फक्त हा ढीग किती पक्का बसला ते ठरतं. बेअरिंग किती दाबलं गेलं ते छल्ल्याची जाडी ठरवते. या दोन वेगळ्या घट्टपणांना मराठीत एकच शब्द आहे, आणि माझ्या मते अर्धी हौसिंगं त्या एका शब्दामुळे बिघडतात. नट शेकडो न्यूटन-मीटरने आवळायचा असतो. मोठ्या ट्रकला हजाराच्या घरातही. तेव्हा ड्रायव्हरच्या मिस्त्रीने पाइप लावला यात चूक काहीच नव्हती. चूक अशी झाली की बेअरिंगं नवी टाकली आणि छल्ला जुनाच ठेवला. नव्या बेअरिंगची उंची जुन्याशी तंतोतंत जुळत नाही. इथे छल्ला दोन-तीन थाऊने कमी पडला. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५ मिलिमीटर. तेवढ्याने दोन महिन्यांत बेअरिंग खाल्लं.

लहान पिकअप गाड्यांमध्ये कडक छल्ल्याऐवजी पातळ पोलादाची फुगीर बांगडी असते. नट आवळत गेलं की ती पिचकते आणि बेअरिंगवर दाब चढत जातो. कारखान्यात हे झटपट होतं, गॅरेजमध्ये मात्र जिवाला घोर. नट जरा जास्त फिरला की बांगडी जास्त पिचकली. नट उलटा सोडून ती परत फुगत नाही. ती फेकायची आणि नवी घालून पहिल्यापासून सुरुवात करायची. नट सैल करून ‘जमलं’ म्हणणारे भेटतात. अशा हौसिंगमध्ये नटही सैल राहतो आणि बांगडीही.

बेअरिंगवरचा दाब थेट मोजता येत नाही. तो असतो शेकडो किलोंचा, पण बंद जागेत. म्हणून त्याची सावली मोजतात: पिनियन फिरवायला किती जोर लागतो ते. अनेक ट्रकांच्या मॅन्युअलमध्ये नव्या बेअरिंगसाठी हा आकडा दोन-चार न्यूटन-मीटरच्या आसपास सापडतो, गाडीगणिक बदलतो, आणि चाललेलं बेअरिंग परत वापरायचं असेल तर बहुधा त्याच्या निम्म्यावर येतो, कारण वापरलेल्या रोलरांचा खरखरीतपणा गेलेला असतो. दोन-सव्वादोन न्यूटन-मीटर म्हणजे किती? वीतभर दांड्याच्या टोकाला एक लिटर पाण्याची बाटली टांगा, तेवढाच पीळ. ज्या पिनियनवर घाटात २,४०० येतात, त्याचं नशीब या हजाराव्या हिश्शावर ठरतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी बेअरिंगं आली. कप जागेवर बसवताना मिस्त्रींनी जुना कप उलटा धरून त्याच्यावर ठोके मारले, म्हणजे हातोडीचा घाव नव्या पोलादाला लागत नाही. कोन तेलाच्या डब्यात गरम करून दांड्यावर उतरवला. ऑइल वाफाळू लागायच्या बरंच आधी त्यांनी तो उचलला. बेअरिंग १२० अंशांपलीकडे नेऊ नये, आणि गॅसची ज्योत तर थेट लावूच नये, नाहीतर पोलादाचं पाणी उतरतं. रोलरांना ऑइल लावलं. छल्ला घातला, दुसरा कोन, फ्लँज, नट. ऑइल सील अजून घातलं नव्हतं: त्याच्या रबराचीही ओढ असते आणि मोजमापात ती मिसळते. नट आवळला, पाइप लावूनच, पण या वेळी टॉर्क रेंचने आकडा पाहून.

मग पिनियन व्हाइसमध्ये धरून त्यांनी त्याच्या बेअरिंगचे कप ज्यात बसतात तो छोटा डबा दहा-पंधरा वेळा हाताने फिरवला. रोलर आपापल्या कडेला टेकून बसल्याशिवाय आकडा खरा येत नाही. पहिल्या फेऱ्यांतला आकडा भरवशाचा नसतो, आणि घाईचा माणूस तिथेच फसतो.

त्यानंतर मिस्त्रींनी खिशातून सुतळी काढली.

डब्याच्या गोल अंगाभोवती तिचे तीन-चार वेढे दिले आणि मोकळ्या टोकाला ताणकाटा अडकवला. शाळेच्या प्रयोगशाळेत आकड्याला दगड लटकवून वजन करायला असतो तोच, फक्त जरा मोठा. सुतळी संथपणे ओढली. डबा हलायच्या क्षणी काटा उडी मारतो, तो आकडा सोडून द्यायचा. डबा एका लयीत फिरत असताना काटा जिथे ठरतो तो धरायचा. काटा सात किलोवर ठरला. डब्याचा व्यास १५ सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या साडेसात. सात गुणिले साडेसात, साडेबावन्न किलो-सेंटिमीटर. म्हणजे पाच न्यूटन-मीटरच्या वर. तेलाने पिवळ्या पडलेल्या मॅन्युअलात त्या मॉडेलला वीस ते तीस किलो-सेंटिमीटर लिहिलं होतं.

“हाताला तर बरं लागत होतं,” पोरगं म्हणालं.

“हात सकाळी येगळा, जेवल्यावर येगळा. काट्याला भूक नसती.”

परत नट सोडला. सुट्या भागांच्या डब्यातून दुसरा छल्ला निघाला, मायक्रोमीटरने मोजला, पहिल्यापेक्षा दोन थाऊ जाड. इथे नवखे गोंधळतात. जाड छल्ला म्हणजे जास्त घट्ट, असं मन सांगतं. पण छल्ला कोनांना एकमेकांपासून दूर धरतो. तो जाड झाला की दाब कमी होतो, पातळ झाला की वाढतो. परत नट, परत फेरे, परत सुतळी. काटा तीन किलोवर येऊन थांबला. साडेबावीस.

“ह्या आकड्याला ऱ्हाऊ द्या,” मिस्त्री म्हणाले आणि मागे सरून विडी पेटवली.

पुढचं काम जरा भरभर सांगतो, कारण त्याचे नियम मॅन्युअलात नीट मिळतात. पिनियन क्राउनच्या किती जवळ जावा हे डब्याखालच्या पातळ पत्र्यांवर ठरतं. पिनियनच्या माथ्यावर अधिक किंवा उणे एखादा आकडा कोरलेला असतो. कारखान्यात तो पिनियन आदर्श मापापेक्षा किती कमी-जास्त निघाला याची ती कबुली. जोडीच्या दोन्ही तुकड्यांवर एकच क्रमांक असतो. क्राउन आणि पिनियन एकमेकांवर घासूनच शेवटचा हात फिरवतात. त्यामुळे एका जोडीचा क्राउन आणि दुसरीचा पिनियन हे लग्न टिकत नाही, बाजारात कितीही स्वस्त मिळालं तरी. दातांमधली मोकळीक, म्हणजे बॅकलॅश, डायल गेज लावून पाहतात. मोठ्या ट्रकला ती एक-दोन पोस्टकार्डांच्या जाडीएवढी असते, आणि क्राउनच्या चार ठिकाणी तपासायची असते.

शेवटी दातांची साक्ष. गावोगावच्या गॅरेजमध्ये यासाठी निळा रंग वापरतात, या मिस्त्रींनी मात्र शेंदराची पुडी काढली. मारुतीला चढतो तोच शेंदूर, ऑइलमध्ये कालवून क्राउनच्या सहा-सात दातांना पातळ फासला. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, विषारी. काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये, आणि विडीलाही. क्राउनला लाकडाने दाबून धरत पिनियन फिरवला की दात जिथे भिडतात तिथला शेंदूर पुसला जातो. ठसा दाताच्या माथ्याला चढला तर पिनियन लांब आहे, पायथ्याला उतरला तर फार आत गेलाय. आतल्या टोकाकडे सरकला तर बॅकलॅश कमी, बाहेरच्या टोकाकडे गेला तर जास्त. आपल्या जोडीचा ठसा दाताच्या मधोमध, जरासा आतल्या टोकाकडे आला. रिकाम्या गाडीला तसाच हवा. भार आला की तो आपोआप बाहेर सरकतो.

दुपारी ऑइल भरलं. पंधरा किलोमीटर फिरवून आणल्यावर मिस्त्रींनी पिनियनच्या नाकाजवळ तळहात टेकवला. नवं बेअरिंग सुरुवातीला थोडं तापतंच. हात ठेवता आला म्हणजे ठीक. ड्रायव्हरने बिल दिलं आणि बिलाच्या मागे काहीतरी लिहून घेतलं. मी डोकावून पाहिलं. छल्ल्याची जाडी, काट्यावरचे तीन किलो आणि किलोमीटरचा आकडा.

तुमच्या गाडीचं हौसिंग कुणी उघडलं, तर नट किती आवळला हे विचारू नका. छल्ला कितीचा टाकला आणि काटा कितीवर थांबला, तेवढं बिलाच्या मागे लिहून घ्या.